समोरून बटणांचे गाऊन

ती सिलतऱ्याच्या कारखान्यात लोखंडाचे नमुने तपासायची, मी सरकारी कार्यालयात नोकरीला होते. या हिंदी मुलखात नोकरीसाठी आलेल्या दोघी नागपूरकडच्या, दोघी बिनलग्नाच्या. ब्राह्मणपाऱ्यात एकाच घराच्या वरच्या मजल्यावर आठ वर्षं भाड्यानं राहिलो. तिचं पोट वाढू लागलं तेव्हा मीच तिला संध्याकाळचा भात बंद करायला लावला होता.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी दोघींना बसवून सांगितलं. पोटाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, फार थोड्यांना होणारा. "इलाज करेंगे, तकलीफ़ कम होगी. पर ये जाएगा नहीं." तिनं रोगाचं नाव कागदावर लिहून मागितलं. बाहेर स्कूटीपाशी ते अवघड नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

"नातेवाइकांचे फोन तूच उचलजो. मले नाही जमणार. पण चुकीचं नको सांगू."

मी पाठ केलं. मला काहीच वाटत नव्हतं. पेट्रोल भरायचं आहे, एवढंच डोक्यात होतं.

तिच्या आई अमरावतीहून येऊन राहिल्या. फोन येत, मी तीच वाक्यं त्याच क्रमानं सांगे. एका मावशीनं विचारलं, पपईच्या पानांचा रस देता का? मी हो म्हटलं. दिला नव्हता.

पुढे पोटातलं पाणी काढायला नळी बसवली. तिला नेहमीचे कपडे घालता येईनात, म्हणून मी गोल बाजारात समोरून बटणांचे सुती गाऊन आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, "कौन सा महीना है, दीदी?"

"मेरा नहीं, सहेली का. सातवाँ." का म्हटलं, ठाऊक नाही. खरं सांगायला पुन्हा ते नाव घ्यावं लागलं असतं.

"तो ये ले जाओ. दूध पिलाने में आराम रहेगा."

"हव, भैया," म्हणून मी तीन घेतले.

घरी येऊन तिला सांगितलं. ती गाऊनकडे बघत राहिली. मग नळी धरून हसू लागली.

"पोट्टा का पोट्टी?"

"तूच सांग."

"पोट्टी. बापावर नाही गेली म्हणजे झालं."

आई स्वयंपाकघरातून विचारायला आल्या, काय झालं. आम्हाला सांगता येईना. मीही हसत होते.

चौथ्या केमोनंतर ती उठेनाशी झाली. मी ऑफिसातून उशिरा येऊ लागले. सगळे गेल्यावर रिकाम्या हॉलमध्ये टेबलाशी बसून राहायचे. एक दिवस तिनं विचारलं, "काम नाही ना तुले तिथं?"

"नाही."

"मग काय करून राहिली इतका वेळ?"

"बसते नुसती."

तिनं मान हलवली. "बरं. पण आई एकटी पडते. सातपर्यंत येत जा." आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी सातच्या आत येऊ लागले.

काही आठवड्यांनी तिनं उपचार थांबवायचं ठरवलं. डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरात उभं राहून मी सांगितलं, फोनवर सांगायचे त्याच आवाजात. आई पोळी लाटत होत्या. ती त्यांनी पूर्ण लाटली, भाजली, डब्यात ठेवली. मग गॅस बंद करून तिच्याजवळ जाऊन बसल्या.

ती एका दुपारी गेली. मी चमच्यानं पाणी देत होते, ते ओठांच्या कडेनं खाली आलं. मी पदराच्या टोकानं पुसलं आणि आईंना हाक मारली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फोन केले. रोगाचं नाव कुठेच चुकलं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आई खाली अंगणात मटार सोलत होत्या. मीही ताटलीजवळ बसले.

"तू रडली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, काकू. काहून ते मले नाही समजत."

त्या काही वेळ शेंगा फोडत राहिल्या. "मलेही रडू नाही आलं अजून," त्या म्हणाल्या, आणि अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला.