कमरेला बांधलेली बॅटरी

लूशा कूटनिकॉफ खाणीच्या दिवेखोलीत नोकरीला होती. कॅनडातल्या स्लोकनच्या खोऱ्यात आमच्या दुखोबोर लोकांच्या, म्हणजे रशियातून आलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, बायका शेतात राबायच्या, विणकाम करायच्या, प्रार्थनाघरात गायच्या. खाणीत नोकरी करणारी तेवढी एकटीच. खाणकामगार वर आले की डोक्यावरचा दिवा आणि कमरेची जड बॅटरी तिच्या खिडकीतून आत सरकवायचे. ती बॅटऱ्या पुसायची, चार्जिंगला लावायची आणि पुढच्या पाळीला हातात द्यायची. खाली अंधारात कुणाचा दिवा विझला तर जबाबदारी आपली, एवढंच तिला कळायचं. खाण बंद पडली तरी बॅटऱ्यांचं वेड काही सुटलं नाही. खोऱ्यातल्या लोकांच्या ड्रिल मशीनच्या मेलेल्या बॅटऱ्या तिच्या गॅरेजमध्ये येऊन पडायच्या आणि बऱ्याचशा जिवंत होऊन परत जायच्या.

मी पेत्या झाइत्सॉफ, तिचा शेजारी. सरोवरावरच्या फेरीबोटीवर दोरखंड सांभाळायचो. चाळिशी उलटली आणि पायांनी दगा दिला. डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला. पोटऱ्यांत असे पेटके यायचे की दात आवळून बसावं लागायचं. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची. शेवटी डॉक्टरांनीच गांजाचा परवाना मिळवून दिला, पण फुप्फुसं आधीच नाजूक, म्हणून धूर घ्यायचा नाही, अशी ताकीदही दिली. मग वाफेचं यंत्र घेतलं. लाकडाची मुठीएवढी डबी, आत तापणारी तार. पाला जळत नाही, नुसता गरम होतो आणि त्याची वाफ ओढायची. दोन-चार झुरक्यांत पाय सैल पडायचे.

पण यंत्र बारा व्होल्टवर चालायचं आणि त्याची वायर भिंतीत. त्यामुळे मीही भिंतीला बांधला गेलो. बाजारात नाही, नदीवर नाही, प्रार्थनाघरात तर नाहीच. पेटके कधी येतील याचा नेम नव्हता.

एकदा लूशामावशी बोर्श्तचं, बीटाच्या सुपाचं, पातेलं घेऊन आली आणि मला प्लगशेजारी खुर्चीत बसलेला बघून म्हणाली, "पेत्या, तू काय टेबललॅम्प आहेस का?"

"वायर एवढीच आहे, मावशी."

तिने यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. "अरे, माझी खाणीतली पोरं कमरेला बॅटरी बांधून डोंगराच्या पोटात जायची. तुला नदीपर्यंत जाता येत नाही होय?"

ती कामाला लागली. जुन्या ड्रिलमधले दहा सेल काढले, पत्र्याच्या पट्ट्यांनी एकामागे एक जोडले आणि कातडी पिशवीत बसवले. आत लोकरीचं अस्तरही शिवलं, मला टोचू नये म्हणून. पण मला दिलं नाही. आधी स्वतःच्या कमरेला बांधलं, बॅटरी किती टिकते ते बघायला यंत्राऐवजी एक छोटा दिवा जोडून घेतला आणि रासबेरी तोडायला गेली.

तासाभरात कुंपणापलीकडून तिची हाक आली. मी काठी टेकत गेलो तर मावशी पिशवी गवतात फेकून उभी. एप्रनला तळहाताएवढा करपल्याचा डाग.

"एक सेल लेचापेचा निघाला," ती म्हणाली. "ओळीतला एक आधी दमला की बाकीचे त्याला फरपटत नेतात. मग तो तापतो. आणि मी वेडी, वरून लोकर घातली. उबेत झोपवलं त्याला."

"जाऊ दे मावशी. भाजली असतीस."

"माझा एप्रन करपला म्हणून तू वाचलास. जाऊ दे काय?"

या सगळ्यात तिची थोरली बहीण मार्फा तिच्याशी बोलेनाशी झाली होती. आमच्यात दारू-तंबाखू वर्ज्य, आणि मार्फामावशी म्हणजे प्रार्थनाघरातला पहिला आवाज. तिने सगळ्यांसमोर लूशाला विचारलं होतं, "म्हातारपणी गांजेकसांचं दुकान काढतेस का गं?"

लूशा म्हणाली, "मी बॅटरी बांधते. तो काय ओढतो ते त्याचा डॉक्टर बघतो. तुझे पाय दुखल्यावर तू काय चोळतेस, ते मी विचारलंय कधी?"

दुसऱ्या खेपेला तिने प्रत्येक सेल वेगळा चार्ज केला, दिवा जोडून वेगळा रिकामा केला आणि सारख्या दमाचे तेवढेच निवडले. मध्ये फ्यूज घातला. जास्त तापलं तर वीज तोडणारं एक बारकं बटण जुन्या ड्रिलमधून काढून सेलांना चिकटवलं. अस्तर गेलं, पिशवीला भोकं आली. मग ती पिशवी पुन्हा तिच्या कमरेला. बटाटे काढताना, सारण भरलेल्या पिराही भट्टीत भाजताना, दुकानात जाताना. लोक हसायचे. तिची खात्री पटली तेव्हाच तिने पट्टा माझ्या कमरेला आवळला.

"संध्याकाळी चार्जिंगला लावायची. उशीखाली ठेवायची नाही. गरम लागली की काढून टाकायची, मग तू कुठेही असलास तरी."

त्याच शरद ऋतूत माझे वडील गेले. आमच्याकडे शवपेटीजवळ बसून आदल्या दिवसापासून गातात, आणि मग सगळे टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत चालत जातात. वर ना घर, ना वीज. बॅटरी नसती तर मी खालीच थांबलो असतो, वडिलांना माती द्यायला दुसरेच गेले असते.

मला खुर्चीसकट वर नेलं. गाणं सुरू झालं आणि अर्ध्यात दोन्ही पाय लाकडासारखे ताठले. मी यंत्र काढलं, वायर पिशवीला जोडली. पण वर वारा भणाणत होता आणि तार काही धड तापेना. घाम फुटला. सगळ्यांदेखत हे काय चाललंय, अशी लाजही वाटत होती.

गाणाऱ्या बायकांच्या रांगेतून मार्फामावशी बाहेर आली. ती आता घालवून देणार, असंच मला वाटलं. ती माझ्यासमोर येऊन वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने आपली मोठी शाल दोन्ही हातांनी पंखासारखी पसरली.

"घे लवकर," ती पुटपुटली, "माझे हात दुखतात." आणि तिथूनच तिने पुढची ओळ उचलली.

वाफ आली. पाय हळूहळू सुटले. मी वाकून मूठभर माती वडिलांच्या पेटीवर टाकली. लूशामावशी मागे उभी होती. तिचं लक्ष कबरीकडे नव्हतं, माझ्या कमरेकडे होतं. तिने हात घालून पिशवी चाचपली. "गार आहे," एवढंच म्हणाली आणि मग रडली.

त्यानंतर दोघी बहिणी बोलायला लागल्या. मार्फामावशी गांजाला शेवटपर्यंत वाईटच म्हणत राहिली, पण पिशव्या शिवायचं काम तिने आपणहून घेतलं. लूशाच्या सुईकामाला ती कायम नावं ठेवायची. दोघींनी मिळून खोऱ्यातल्या बऱ्याच आजारी माणसांना घराबाहेर काढलं. कॅन्सर झालेली एक शिक्षिका बॅटरी बांधून नातवाचा हॉकीचा सामना बघायला जायची. एक म्हातारा सुतार पुन्हा मासे धरायला लागला.

पुढे बॅटरी आतच असलेली यंत्रं दुकानात आली. लूशामावशीला वाईट वाटेल म्हणून मी बरेच दिवस माझं नवं यंत्र दाखवलं नव्हतं. आता ती वृद्धाश्रमात असते, दिसतं कमी. गेल्या रविवारी तिच्या हातात ते दिलं. तिने बोटांनी चाचपलं, वजन पाहिलं.

"मावशी, माझं चालणं-फिरणं तू मला परत दिलंस," मी म्हणालो. "कधी नीट सांगितलं नव्हतं."

"बरं, सांगितलंस," ती म्हणाली. "हे कुणी बांधलंय?"

"माहीत नाही. कारखान्यात कुणीतरी."

"हात चांगला आहे त्याचा," ती म्हणाली आणि बराच वेळ ते यंत्र मांडीवर घेऊन बसली.