पूर्णिमाताईंचा क्वेझार

पूर्णिमा इंगवले यांना पौर्णिमा आवडत नसे. चंद्र भरात असला की सगळं आकाश पिठासारखं पांढुरकं होतं आणि त्यांना हवं ते त्यात बुडून जातं. आई होती तोवर यावरून चेष्टा करायची. आई गेल्यावर या गोष्टीला हसणारंही घरात कोणी राहिलं नाही.

राजारामपुरीतल्या एका बोळात, वरच्या मजल्यावर त्या राहतात. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वाळू तपासायच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. लोखंड ओतायच्या साच्याच्या वाळूत ओल किती आहे, ती घट्ट बसते का, एवढं रोज बघायचं. वडील लवकर वारले. थोरला भाऊ विजयसिंह सैन्यात गेला. पूर्णिमाताई तिशीच्या आत असताना आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचं सगळं अंथरुणात सुरू झालं. लग्नाची बोलणी यायची, पण पाहुणे चहा पिता पिता आतल्या खोलीकडं बघायचे आणि "कळवतो" म्हणून उठायचे. पुढं पुढं कोणी यायचंही बंद झालं.

कामावरून आल्यावर आईचं जेवण, औषधं, कूस बदलणं झालं की दिवस मावळलेला असे. बाहेर जायची सोय नव्हती. आईनं हाक मारली तर ऐकू यायला हवी. हाकेच्या टप्प्यात एकच मोकळी जागा होती, ती म्हणजे गच्ची. विजयसिंहानं एका सुट्टीत दोन डोळ्यांची जुनी दुर्बीण आणून दिली. "पाखरं बघत जा," म्हणाला. अंधार पडल्यावर पाखरं कुठली दिसणार? पूर्णिमाताईंनी दुर्बीण वर धरली आणि कृत्तिकेकडं बघितलं. साध्या डोळ्यांना सहा-सात दिसणाऱ्या तारका तिथं मूठभर सांडल्यासारख्या दिसल्या. त्या दिवशी आईनं दोनदा हाक मारली, तरी त्यांना ऐकू आली नाही.

आई गेली त्या वर्षी त्यांनी आठ इंची आरशाची मोठी दुर्बीण मागवली. चार माणसांनी ते नळकांडं जिन्यानं वर चढवलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शालूबाई दारात येऊन म्हणाल्या, "ताई, बोअरचा पाईप वर कशाला न्हेतासा?" मग शालूबाईंना शनीची कडी दाखवली, बोळातल्या आणखी पाच-सहा घरांना दाखवली. सगळे खूश झाले. पुन्हा मात्र कोणी वर आलं नाही. एकदा बघितलेली गोष्ट परत काय बघायची, असं त्यांना वाटलं असावं.

पूर्णिमाताईंना आता लांबचं बघायचं होतं. आपल्या दुर्बिणीतून जितकं लांबचं दिसू शकतं तितकं. वाचता वाचता त्यांना कन्या राशीतला एक क्वेझार सापडला. क्वेझार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं पेटलेलं काळीज. तिच्या मध्यभागी अवाढव्य कृष्णविवर असतं, त्यात वायू कोसळताना इतका तळपतो की आजूबाजूची आख्खी दीर्घिका त्या झगमगाटात लोपते. याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, थ्री-सी दोनशे त्र्याहत्तर. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला दोनशे कोटींहून जास्त वर्षं लागतात, आणि एवढं असूनही तो साध्या माणसाच्या दुर्बिणीत दिसू शकतो. अंधार मात्र पुरेसा हवा. कोल्हापूरच्या गच्चीवर तो कुठला मिळायला!

आता प्रश्न असा की अंधारात जायचं कसं? पुण्या-मुंबईकडं हौशी लोकांचे गट असतात, ते गाड्या भरून डोंगरावर जातात. त्यातल्या एका गटाशी त्यांचं फोनवर बोलणं झालं. "आमच्यात लेडीज कोणी मुक्कामाला नसतात," तिकडचा तरुण अवघडून म्हणाला. पुरुष एकटा डोंगरावर गेला तर छंद. पन्नाशीची बाई गेली तर तिचं काहीतरी बिनसलंय, असं लोक धरून चालतात. हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आईला दवाखान्यात न्यायला सदर बाजारातले अमीन शिकलगार यायचे. त्यांची जुनी ओम्नी होती. दिवसा शाळेची मुलं, बाकी वेळी मिळेल ते भाडं. आईला दोन्ही हातांवर उचलून गाडीत बसवणारा हा माणूस. पूर्णिमाताईंनी त्यांनाच विचारलं.

"डोंगरावर? अंधारात? काय आणायचंय ताई तिथनं?" अमीनभाईंनी विचारलं.

"काही आणायचं नाही. वर बघायचंय."

अमीनभाईंनी थोडा विचार केला. "चला की. पर माझी बायको जुलेखाबी बी संगं यील. तुमास्नी बी बरं, मला बी बरं."

मसाई पठाराच्या अलीकडं, रस्त्याला लागून एक कातळाचा मोकळा सडा त्यांनी शोधून काढला. अमावस्येच्या आसपास आकाश मोकळं असलं की दिवस मावळताना निघायचं आणि दहा-अकरापर्यंत परतायचं. जुलेखाबी गाडीत मागं बसायच्या. त्यांना अंधाराची भीती वाटायची, म्हणून त्या सारख्या बोलायच्या. मुलगी तहरीमच्या सासरचं, शेजारणीच्या कोंबड्यांचं, काहीही. पूर्णिमाताई दुर्बिणीला डोळा लावून "हं, हं" करायच्या. पहिल्या खेपेला जुलेखाबींनी डबा उघडायला मोबाइलची बॅटरी लावली आणि अंधाराला सरावलेले पूर्णिमाताईंचे डोळे झटक्यात आंधळे झाले. मंद लाल उजेड तेवढा चालतो, असं त्यांनी सांगितल्यावर पुढच्या वेळी जुलेखाबी मोबाइलला पतंगाचा लाल कागद गुंडाळून घेऊन आल्या.

क्वेझार सापडायला चार उन्हाळे गेले. कन्या रास संध्याकाळी वर असते ती चैत्र-वैशाखात, आणि नेमका तेव्हाच कधी उसाच्या फडातला पाला पेटवलेला, धुरानं क्षितिज काळवंडलेलं. कधी वळवाचे ढग. दोनदा सड्यावर पोचून, दुर्बीण उभी करून, ती न वापरताच उतरावं लागलं. अमीनभाई कधी कुरकुरले नाहीत. "ढग काय माझ्या सासऱ्याचं हायत व्हय," एवढंच म्हणायचे आणि नळकांडं परत गाडीत चढवायचे.

पाचव्या उन्हाळ्यात आदल्या दिवशी वळीव झोडपून गेला होता. धूळ बसली होती. अंधार पडला आणि अरुंधती केश या तारकासमूहातला पुंजका साध्या डोळ्यांना दिसायला लागला, तेव्हाच पूर्णिमाताईंनी दुर्बिणीला डोळा लावला. त्यांनी कन्येतल्या दोन ताऱ्यांमधून वाट धरली. एका तारकेवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर. नकाशा त्यांना इतका पाठ होता की कागद काढलाच नाही. एका ठिकाणी चार-पाच फिकट तारका होत्या. त्यांच्या शेजारी, नजर थोडी तिरकी केली की एक ठिपका उमटायचा आणि सरळ बघितलं की विरघळायचा. त्यांनी डोळा काढला, मिटला, परत लावला. ठिपका तिथंच होता. पुन्हा पहिल्यापासून वाट धरून आल्या, तरी तिथंच.

"अमीनभाई, जुलेखाबी, या. सापडला."

जुलेखाबी ओढणी सावरत आल्या. बराच वेळ बघितलं. "ताई, चांदण्या हायत की नुसत्या."

"त्यातली सगळ्यात बारीक, डावीकडची."

"व्हय, हाय काहीतरी." त्या बाजूला झाल्या. अमीनभाईंना दिसलंच नाही. त्यांनी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. "माझं डोळं गेलं वाटतं," म्हणाले.

पूर्णिमाताईंनी सांगायचा प्रयत्न केला. हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, झाड नव्हतं, गवताची काडीसुद्धा नव्हती. दोघांनी मन लावून ऐकून घेतलं.

"मग आता तिथं काय आसंल?" अमीनभाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही. विझलाही असेल."

जुलेखाबी जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तुमी रडतासा व्हय?"

"नाही हो. डोळ्यावर ताण आला." 

रस्त्यावर रेंज आल्यावर त्यांनी विजयसिंहाला फोन लावला. निवृत्त होऊन तो नाशिकला स्थायिक झाला होता. मागं कुठल्या तरी लग्नातला बँडबाजा वाजत होता. "बरं बरं, छान," तो ओरडून म्हणाला, "फोटो पाठव!" फोटोत दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. काढला असता तरी एक ठिपका. हौशी लोकांच्या त्या गटानं त्यांना मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये तेवढं घेतलं होतं, तिथं त्यांनी दोन ओळी लिहिल्या. तीन अंगठे आले. घरी आल्यावर पूर्णिमाताईंनी भात गरम केला, खाल्ला, आणि आईच्या रिकाम्या पलंगाशेजारी कितीतरी वेळ बसून राहिल्या. एवढी मोठी गोष्ट झाली होती आणि ती ठेवायला घरात जागा नव्हती.

त्यानंतरच्या थंडीत अमीनभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी अंधारात गाडी चालवायला कायमची मनाई केली. शाळेचं कामही सुटलं. तहरीमला बाळंतपणासाठी आणायचं होतं, कोल्हापुरातलं भाड्याचं घर लहान पडत होतं. दोघांनी कुरुंदवाडला, अमीनभाईंच्या वाडवडिलांच्या घरी जायचं ठरवलं. निरोप घ्यायला ते आले तेव्हा पूर्णिमाताईंनी पोहे केले.

"गाडी इकायची हाय," अमीनभाई जाता जाता म्हणाले. "तुमीच घ्या की."

"मला कुठं चालवता येते?"

"मी काय जन्मताच शिकून आलतो?"

फाउंड्रीला सुट्टी असायची त्या दिवशी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असत. अमीनभाई एसटीनं यायचे आणि शेजारी बसून शिकवायचे. सत्तावन्नाव्या वर्षी पूर्णिमाताई क्लच दाबायला शिकल्या. एका गेटच्या खांबाला गाडी घासली, एकदा उतारावर बंद पडली ती सुरूच होईना. "घाबरायचं न्हाय ताई, गाडीला कळतंय कोन घाबरलंय ते," अमीनभाई ओरडायचे. लायसन मिळालं तेव्हा त्या कुरुंदवाडला जाऊन दोघांना पेढे देऊन आल्या. जुलेखाबी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "एकट्याच जानार तुमी वर?" त्यांनी विचारलं. पूर्णिमाताईंनी मान डोलावली. जुलेखाबींनी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

निवृत्तीनंतरच्या वैशाखात त्या पहिल्यांदा एकट्या गेल्या. उजेड असतानाच सड्यावर पोचल्या. नळकांडं निघताना बोळातल्या पोरांनी गाडीत चढवून दिलं होतं; इथं ते एकटीला उचलवत नव्हतं, म्हणून त्यांनी गाडीत अंथरलेल्या गादीवरून ते हळूहळू सरकवत उतरवलं. अंधार पडला तसा प्रत्येक आवाज मोठा झाला. दूर कुत्रं भुंकलं. रस्त्यानं एक मोटारसायकल आली, सड्यापाशी मंदावली आणि पुढं गेली. तोवर पूर्णिमाताई गाडीत बसून, दारं लावून, किल्ली हातात घट्ट धरून होत्या. आवाज पार विरल्यावर बाहेर आल्या. मागून कोणीतरी कोंबड्यांबद्दल बोलेल, असं उगाच वाटत राहिलं. 

त्या दिवशी त्यांनी दुर्बीण जवळजवळ डोक्यावर रोखली, अरुंधती केशाकडं. तिथं हजाराहून जास्त दीर्घिकांचा एक समूह आहे, तीस कोटी प्रकाशवर्षांहून दूर. त्यांच्या दुर्बिणीत त्यातल्या दोनच मोठ्या दीर्घिका दिसायच्या होत्या. आरशावर फुंकर मारल्यावर वाफ राहते तसे दोन डाग, एकमेकांशेजारी. बराच वेळ वाट बघितल्यावर ते दिसले. आणि त्यांच्या आसपास, नक्की सांगता येणार नाही असा तिसराही. मग त्या बघत राहिल्या. आता घाई करायला कोणी ताटकळलेलं नव्हतं. मान दुखली तेव्हा थांबून कातळावर बसायच्या, परत उठायच्या. भीती कधी गेली ते त्यांना कळलं नाही. एकटेपणा तेवढा गेला नाही, पण तो बघण्याच्या आड येत नव्हता.

नळकांडं तसंच सरकवत परत गाडीत चढवून, पहिल्या गिअरमध्येच घाट उतरून त्या खाली आल्या. रस्त्याकडेच्या एका टपरीवर अजून दिवा होता. त्यांनी गाडी थांबवली. टपरीवाल्यानं ओम्नीकडं वाकून बघितलं.

"कितीजन हायसा ताई? किती च्या टाकू?"

"एकच."

"वर पावणं हायत व्हय तुमचं?"

"नाही. बघायला गेले होते."

"दिसलं का?"

"दिसलं," पूर्णिमाताई म्हणाल्या.

काय दिसलं, ते त्यानं विचारलं नाही. दूध उतू जात होतं, तो स्टोव्हकडं वळला. पूर्णिमाताईंनी गाडीला टेकून, उभ्यानंच चहा घेतला. पुढची अमावस्या ज्येष्ठात येईल, तोवर पाऊस लागलेला असेल; म्हणजे आता थंडीशिवाय येणं नाही. पेला ठेवून त्या गाडीत बसल्या आणि आरशात मागचा रस्ता बघून घेतला, अमीनभाईंनी शिकवलं होतं तसा.