धुणं पिळणाऱ्या बाईचं भूत

माझी बायको भुतं रंगवते. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघून विचारतात, "तुम्हाला समोर बसवून का?" हा विनोद मी अकरा वर्षं ऐकतोय आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो. ती स्वतः उत्तर देत नाही. चार अनोळखी माणसं समोर आली की हिची जीभ टाळ्याला चिकटते.

ती कामाला जाते तो कारखाना म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला. पटावर मांडायच्या खेळांसाठी तिथे अंगठ्याएवढ्या बाहुल्या तयार होतात. सैनिक आहेत, घोडे आहेत, राक्षस आहेत आणि भुतं आहेत. सैनिक रंगवायला सात जणी आहेत. भुतं मात्र फक्त हिच्याकडे येतात, कारण भुताचं सगळंच उलटं असतं आणि ते बाकीच्यांच्या हाताला काही केल्या बसत नाही.

सैनिकाच्या कपड्यांवर घडीच्या खोबणीत गडद रंग जातो आणि वर आलेल्या कडेला फिका, ऊन पडल्यासारखा. भूत आधी सगळं पांढरंशुभ्र करून घ्यायचं. मग निळसर हिरवा रंग इतका पातळ करायचा की ब्रश धुतलेलं पाणीच वाटावं, आणि तो फक्त उंचवट्यांवर चढवायचा. असे दहा-दहा हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू देऊन. खोबणीतलं पांढरं तसंच सोडायचं. मग बघणाऱ्याला वाटतं, उजेड भुताच्या पोटातून येतोय आणि फटींमधून बाहेर सांडतोय. पायाखालच्या दगडांवर त्याच हिरव्याचा नुसता भास द्यायचा. आणि डोळे काढायचे नाहीत. डोळ्यांच्या खाचा सगळ्यात खोल, म्हणून सगळ्यात उजळ. तिथे कुणी ब्रश नेला तर ही शिव्या घालते. हो, घरात चांगल्या खणखणीत घालते.

ब्रशला टोक काढायला ती तो ओठांत धरते, त्यामुळे संध्याकाळी हिची जीभ हिरवी असते. "आज कुणाला चाखून आलीस?" असं मी विचारतो. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तिच्या कपाळावर बसणारं दुहेरी भिंग मीच जुन्या फ्रेममधून करून दिलंय, आणि सांगायला हरकत नाही, त्याचा मला तोरा होता. हिच्या कामात आपलाही हात आहे असं वाटायचं.

गेल्या वर्षी तिनं कारखान्याबाहेरचं, स्वतःचं असं पहिलं भूत केलं. धुणं पिळणारी एक बाई. कमरेत वाकलेली, दोन्ही हातांनी चादर पिळणारी. आधी लाकडाच्या भेगा बुजवतात त्या लांबीच्या गोळ्यातून घडवली, मग रंगवली. सात महिने लागले. त्या एका चादरीला मी चौतीस पीळ मोजले आणि प्रत्येकातून उजेड ठिबकत होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती बाहुली ठेवली आणि आम्ही दोघं बघत राहिलो. मग तिनं विचारलं, "ते बाहुल्यांचं प्रदर्शन असतं ना, तिथे प्रत्येकीपुढे कार्ड ठेवतात?"

"ठेवतात."

"त्यावर रंगवणाऱ्याचं नाव असतं?"

"असतं की."

"छापील?"

"छापील," मी म्हणालो. त्या आठवड्यात ती भांडी घासताना गुणगुणत होती. कारखान्याच्या खोक्यावर खेळाचं नाव असतं, मालकाचं असतं, किती वर्षांवरच्या मुलांनी खेळावं तेही असतं. रंगवणारीचं कधीच नव्हतं. तिला ते एकदा हवं होतं, बस. तिनं आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही, म्हणून हे मला नेमकं आठवतं.

आता माझी मेहुणी. ही लोकांना रिकामे फ्लॅट दाखवते आणि भिंतीला ओल असली तरी तिचं कौतुक करू शकते. बहिणीच्या वाटणीचंही बोलणं देवानं हिलाच दिलंय. ती एके दिवशी दुपारी दुकानात आली. प्रदर्शनाचा फॉर्म तिच्या हातात होता.

"भावोजी, नियम वाचलात का? कलाकारानं बाहुलीजवळ उभं राहायचं आणि तिघा परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. ताईला जमणारे का?"

मला एक जुनी गोष्ट आठवली. कारखान्यात एकदा पाहुणे आले होते, त्यांनी हिला साधं "हे कसं करता?" विचारलं, तर ही उठून मोरीत जाऊन बसली होती.

"नाही जमायचं," मी म्हणालो.

"मग फॉर्मवर माझं नाव घालू या. बोलेन मी. काम घरचं, बक्षीसही घरचंच. ताईला मागाहून सांगू, नाहीतर ती आत्ताच फुगून बसेल."

मेहुणीनं केसानं गळा कापला, असं मी नंतर दोन महिने ज्याला त्याला सांगत फिरलो. पण फॉर्म माझ्या अक्षरात आहे. दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाइकाचा चष्मा बाजूला सारून, मी तो भरला. कार्डाचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं म्हणावंसं वाटतं, पण आलं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं मनाशी म्हणून मी सही करून टाकली.

प्रदर्शनाच्या दिवशी हिची कामाची पाळी होती, म्हणून मी निर्धास्त होतो. आदल्या दिवशी मेहुणी बाहुली घेऊन गेली; ती नुसती मांडायची असते, रंगवणारीनं यायची गरज नाही, असं आम्ही हिला सांगितलं होतं. मोठ्या सभागृहात लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढरी कापडं आणि प्रत्येक बाहुलीवर एक छोटा दिवा. अकराच्या सुमाराला परीक्षक आमच्या टेबलापाशी आले, आणि दारातून ही आली. अर्धी रजा टाकून, ठेवणीतले कपडे घालून. जीभसुद्धा घासून आली असावी. मला बघून हसली.

ती आधी कार्डाकडे गेलीच नाही. बाहुलीवर वाकली आणि म्हणाली, "डोळे कुणी काढले?"

खरंच, धुणं पिळणारीच्या दोन्ही खाचांत काळे ठिपके होते. मेहुणी हळूच म्हणाली, "अगं, फोटोत आंधळी दिसत होती. मी जरा पेननं..." आणि पुढे काही म्हणायच्या आत हिची नजर कार्डावर गेली होती. कार्ड छापील होतं, अक्षर मोठं होतं आणि नाव बहिणीचं होतं. ही तिथेच उभी राहिली. रडली नाही की ओरडली नाही. नुसती पुन्हा पुन्हा वाचत होती, वाचताना काही चुकलं असेल म्हणून.

तेवढ्यात तिघांतल्या वयस्कर परीक्षकानं मेहुणीला विचारलं, "हिच्यावर उजेड कुठून पडलाय?"

"वरून," मेहुणी फ्लॅट दाखवायच्या आवाजात म्हणाली. "चांदणं आहे ते."

"आतून," ही म्हणाली.

आवाज बारीक होता, पण तिघांनाही ऐकू गेला. परीक्षकानं वळून भिंग खाली केलं. "काय म्हणालात?"

"उजेड आतून येतो. म्हणून खोबणी पांढरी आहे."

तो माणूस बाहुलीकडे बघायचं सोडून हिच्याकडेच बघायला लागला. मग त्यानं विचारलं, "तुम्ही कोण?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. मेहुणीनंही पाहिलं. फॉर्मवर खोटं नाव घातलंय, भरणारा मी आहे, भर सभागृहात छी-थू होईल, बाहुली बाद होईल, हे सगळं क्षणभरात माझ्या डोक्यातून गेलं. आणि मी म्हणालो, "ह्या त्यांच्या बहीण. घरी थोडीफार मदत करतात."

परीक्षकानं मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. दुपारी निकाल लागला. दुसरं बक्षीस. डोळे नसते तर पहिलं दिलं असतं, असं त्यांनी माईकवरून सांगितलं. मेहुणीनं वर जाऊन ढाल घेतली आणि खाली उतरताना आमच्याकडे बघून हात हलवला.

परतताना बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. बाहुलीची पेटी तिच्या मांडीवर होती. बराच वेळ मीच बोलत होतो. तुझी बहीण अशी, तुझी बहीण तशी, तिला घरात पाऊल टाकू द्यायचं नाही.

"तिचं काय एवढं," ही म्हणाली. "लहानपणापासून माझे कपडे ती घालायची आणि ते ताईचे आहेत असं कुणाला सांगायची नाही. मला ठाऊक आहे ती कशी आहे. पण त्या परीक्षकांनी मी कोण ते विचारलं तेव्हा मला वाटलं, आता हे बोलतील. आणि बोललात तुम्ही."

"अगं, तुला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून तर मी..."

"मी बोलले होते," ती म्हणाली. "तुमच्या आधी."

पुढच्या थांब्यावर समोरची एक जागा रिकामी झाली. ती पेटी घेऊन उठली आणि तिथे जाऊन बसली.