मास्तरांची बारी

शनिवार, सकाळी साडेदहा. पाचोऱ्याच्या अलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, नाहीतर नोटीस शाळेलाच जाईल! सातवीचा वर्ग भरलेला, शिक्षकाची खुर्ची रिकामी.

बातमीला जागा मिळते वीतभर. तिच्यात न मावलेलं डोक्यात साचत जातं. या एका वर्गाचे किस्से तर इतके साचलेत, की आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

सरांची बदली झाली, तेव्हा ते वर्गाला एक जुनी, गाजलेली कादंबरी वाचून दाखवत होते. बेटावर अडकलेली मुलं, सोबत एकही मोठं माणूस नाही! निम्म्यावर आले आणि ऑर्डर आली. नवे शिक्षक आलेच नाहीत.

मी चौकशीला गेलो, तर मॉनिटर निकिता उभी राहून मोठ्यानं वाचत होती.

"हे काय चाललंय?"

"सर अर्धी सोडून गेले, भाऊ. पुढं त्या पोरांचं काय झालं, ते कळायला नको?"

पोरं गळाली की वर्ग बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि वर्ग बंद झाला, की तालुक्याच्या शाळेत तिला घरचे धाडणार नव्हते.

*

बेटावरची मुलं दिसेल ते फळ खातात आणि पोट बिघडवून घेतात. वर्गातल्या इरफानचे अब्बू रावेरच्या केळीचा ट्रक चालवतात. तो भडकला, "यांच्यात रावेरचा एक जरी असता ना, आधी फळं पिकायला घातली असती!"

*

बेटावर भांडणं लागली, तशी वर्गातही लागली. गणित कोणी शिकवायचं? दप्तरं उडाली!

तोड इरफाननं काढली. सामाईक विहिरीवर असते तशी बारी लावायची. ज्याची बारी, मोटर त्याची. बाकीच्यांनी बटणाला हात लावायचा नाही. तेव्हापासून ज्याची बारी तो शिकवतो, बाकीचे गप्प. लाइट गेली तरी बारी मोडत नाही!

*

निकिताचे आजोबा, आबा, खिडकीबाहेर ओट्यावर बसून ऐकायचे. एक दिवस न राहवून त्यांनी डोकं आत घातलं.

"इतला पोरे, आनि एक बी मोठा मानूस नही?"

"मोठा लढाई करी ऱ्हायनात, आबा," निकिता म्हणाली.

"मंग त्यासले सोडाले कोन जाई?"

आयुष्यभर अग्रलेख लिहिले. पण मोठ्यांचं भांडण सोडवायला कोण जाणार, असा एक प्रश्न मला जमला नाही!

*

मग शिक्षण खात्याचे साहेब आले तपासणीला. टाचणी पडली तर ऐकू येईल, असा वर्ग. खूश!

"शिक्षक कुठेत?"

निकिता म्हणाली, "तेच तुम्हाला विचारायचं होतं, साहेब."

साहेब हसले, पाठ थोपटून गेले. काही दिवसांनी मी त्यांना फोन लावला. उत्तर मिळालं, "तिथला वर्ग उत्तम चाललाय. आधी जिथं गोंधळ आहे, तिथं शिक्षक देतोय."

म्हणजे पोरांनी बाकं फोडायला हवी होती! फोनवर मी जे बोललो, ते छापण्यासारखं नाही.

निकिताला हे सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मग काय, गोंधळ घालायचा? आणि साहेब परत आले नाहीत तर? आमचंच नुकसान." वर्ग तसाच सुरू राहिला. एकही पोर गळालेलं नाही!

*

आणि हा परवाचा शनिवार. साडेदहाला मी पोचलो, तर सगळे गप्प. शिकवत कोणी नाही, वाचत कोणी नाही. टेबलावर कादंबरी उघडी, एकच पान उरलेलं. खुर्ची पुसून ठेवलेली.

मी म्हणालो, "अरे, थांबलात काय? वाचून टाका की!"

इरफाननं तोंडावर बोट ठेवलं. निकिता हळूच म्हणाली, "शनिवारची शेवटची बारी मास्तरांची आहे, भाऊ."

"पण मास्तर आहेत कुठं?"

"नसू द्या. बारीवाला आला नाही, म्हणून त्याचं पाणी दुसऱ्यानं घ्यायचं नसतं."

घंटा होईपर्यंत वर्ग तसाच बसून राहिला. ते पान अजून कोणी वाचलेलं नाही.