माइक नव्हे, मॉनिटर

डोळा लागू नये म्हणून शालनबाई सुतारांनी सगळं करून बघितलंय. भात कमी खाल्लाय, दोनदा चहा घेतलाय, बसायला पाठीला टोचणारी लाकडी खुर्ची घेतलीय. विट्याच्या त्या खोलीत दुपारचे अडीच वाजलेत. कॉम्प्युटर चालू आहे, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलंय, आणि एका छोट्या इंटरनेट रेडिओवर आता त्यांचे यजमान बोलणार आहेत. धोंडीरामांना जाऊन तीन वर्षं झाली.

हा रेडिओ आज कायमचा बंद होतोय. जाता जाता जुने कार्यक्रम एकेकदा लावताहेत, त्यात धोंडीरामांची 'पेटीची निगा' ही मुलाखत आहे. ती संपली की संपली. बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या या माणसानं जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून इंटरनेटवरची ढीगभर भजनं उतरवून घेतली, फक्त स्वतःचा आवाज तेवढा सोडला. फोनमध्ये थोडा होता, तो फोनबरोबर गेला. नवऱ्याचा आवाज कसा होता ते शालनबाईंना हल्ली आठवत नाही, आणि त्याची त्यांना फार भीती वाटते.

कसं उतरवायचं ते धोंडीरामांनी वहीत लिहून ठेवलंय. बाईंनी वहीबरहुकूम सगळं केलंय, निदान त्यांना तसं वाटतंय. पंखा गरगरतोय. कार्यक्रमाच्या सुरुवातीचं संगीत लागतं. बाई क्षणभरच मान टेकवतात.

धोंडीराम स्टँडमागच्या दुकानात बसलेत. समोर पेटी उघडून ठेवलीय. पट्ट्यांवर कॉम्प्युटरची अक्षरं आहेत, आणि काळी पाचवर 'एंटर' लिहिलंय.

"अवं, जेवलासा का?" शालनबाई विचारतात.

"आधी भाता तपासा," ते म्हणतात. "हवा कुठून जाते ते बघा."

बाई भात्याला कान लावतात. आत कंडक्टर घंटी मारतो, आणि दोघं आटपाडीच्या एसटीत शेजारी शेजारी बसलेत, पेटी बाईंच्या मांडीवर. खिडकीबाहेर त्यांचं स्वयंपाकघर सरकत जातं, मिसळणाच्या डब्यासकट. त्याचं कुणालाच नवल वाटत नाही.

"सूर बिघडला म्हणून लगेच कानस चालवू नका," धोंडीराम म्हणतात. "आधी पुसून घ्या."

चाळीस वर्षं 'ए शालन' करणारा माणूस पाहुण्याशी बोलल्यासारखा बोलतोय. बाईंना रागही येतो आणि हसूही.

"मला अवो-जावो कवापासनं करायला लागलासा?"

ते हसतात. आधी नाकातून, मग खोकल्यासारखं. मग बायकोकडे नीट बघतात.

"शालन, माइक ठेवलास व्हय? वहीत लिवलंय की."

बाईंच्या डोळ्यांपुढे वहीतली ओळ येते: 'मॉनिटर निवडणे, तो कॉम्प्युटरच्या आतला आवाज घेतो. माइक नव्हे, तो खोलीतला घेतो.' उठायला हवं. पण गाडी चालू आहे आणि मांडीवर पेटीचं ओझं.

"उठू द्या मला."

"असू दे गं. यंत्र हाय ते, आपण सांगू तेच करतंय. चूक सांगितली, तर चूकबी मन लावून करतंय."

शालनबाईंना जाग येते तेव्हा रेडिओ गप्प झालाय. रेकॉर्डिंग मात्र अजून चालू आहे, आणि पडद्यावर माइकच निवडलेला दिसतोय. बाई कपाळावर हात मारून घेतात. रडू आवरत फाइल लावतात.

पंखा. शेजारच्या कुकरची शिट्टी. आणि त्या सगळ्यामागे, स्पीकरमधून खोलीत आलेला, लांबचा पण त्यांचाच आवाज: "आधी भाता तपासा." बाई पदर तोंडाला लावतात. असा होता. अस्साच होता. आणि रेडिओवर श्रोत्यांशी माणूस अवो-जावोच करणार की.

पुढे मुलाखत घेणारी मुलगी विचारते, "काका, घरी काकूंना कधी वाजवून दाखवता का?" यावर जराशी शांतता. त्या शांततेत झोपेनं जड झालेला एक आवाज म्हणतो, "मला अवो-जावो कवापासनं करायला लागलासा?"

आणि धोंडीराम हसतात. आधी नाकातून, मग खोकल्यासारखं.

मॉनिटर निवडला असता तर हे हसणं स्वच्छ आलं असतं, पण एकट्याचं.

कॉम्प्युटर फाइलचं नाव विचारतोय. बाई एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत, लग्नातल्या हंड्यावर घातलंय तेच नाव घालतात: शालन धोंडीराम सुतार. त्यात दोघंही येतात.