'नॉर्मल' रिपोर्टची फेरतपासणी

शीतल भोईर काउंटरवरून हलायला तयार नव्हत्या. हातात आयव्हीएफ सेंटरची चिठ्ठी होती: रक्तातल्या एनके सेल्सची तपासणी. रिसेप्शनिस्ट आत येऊन म्हणाली, "मॅडम, त्या म्हणतात, आधी डॉक्टरशी बोलणार, मगच रक्त देणार."

मी पॅथॉलॉजिस्ट. उल्हासनगरच्या एका लॅबमध्ये चौदा वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते. पेशंट सहसा आम्हाला भेटत नाहीत, त्यांचे नमुने भेटतात. म्हणून जरा नाखुशीनंच बाहेर आले.

शीतल बदलापूरला कात्रपमध्ये राहायच्या. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला होत्या. तीनदा चांगलं भ्रूण गर्भाशयात सोडलं होतं आणि तिन्ही वेळा ते रुजलं नव्हतं. आता गोठवलेलं एकच शिल्लक. ते सोडायचं, म्हणजे ट्रान्सफर, पुढच्या गुरुवारी होतं.

"सेंटरचे सर बोलले, इम्युनिटीचा प्रॉब्लेम असेल. टेस्ट करा, मग सलाइन लावू. पण मॅडम, या टेस्टमधून मला कळणार काय?"

"फारसं काही नाही," मी खरं तेच सांगितलं.

भ्रूण अर्धं वडिलांचं असतं. म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच. तरी गर्भाशयातल्या रोगप्रतिकारक पेशी त्याला हाकलत नाहीत, उलट रुजायला मदत करतात. एनके सेल्स त्यांतल्याच. पण रक्तातल्या वेगळ्या, गर्भाशयातल्या वेगळ्या. रक्तातला आकडा बघून उपचार ठरवावा, इतका भक्कम पुरावा नाही.

"मग आतलं आतच बघा ना," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तीन लॉट रिजेक्ट झाले तर मशीन उघडतात. मला तीनदा नुसतं 'बॅड लक' सांगितलं."

"गर्भाशयाच्या अस्तराची बायॉप्सी झालीय?"

"झाली की. दुसऱ्या वेळेनंतर. तुमच्याच लॅबमध्ये. नॉर्मल आली."

त्यांनी फाइल उघडली. रिपोर्टखाली सही माझी होती. त्या 'नॉर्मल'नंतर तिसरं भ्रूण गेलं होतं.

बायॉप्सीचा तुकडा आम्ही मेणात बसवून ठेवतो. त्याला ब्लॉक म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. मी ब्लॉक शोधून काढला, जुनी स्लाइड परत लावली. एका कोपऱ्यात दोन-तीन पेशी संशयास्पद वाटल्या. प्लाझ्मा सेल्स असाव्यात. अस्तरात जुना, दबलेला जंतुसंसर्ग असला की या रोगप्रतिकारक पेशी तिथे ठाण मांडतात. बाईला ताप नाही, दुखणं नाही, पण भ्रूणासाठी जागा बिघडलेली असू शकते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या इतर पेशींत सहज मिसळून जातात. खास स्टेन, म्हणजे वेगळा रंग, केला तरच तपकिरी उठून दिसतात. तो आमच्याकडे होत नाही, मुंबईला पाठवावा लागतो.

लॅबचे मालक, लालवानी सर, वैतागले. "मॅडम, अपनाही रिपोर्ट आपण कशाला उकरायचा? क्लिनिकला काय बोलणार?"

"चुकलं असेल तर चुकलं म्हणून बोलू. गुरुवारनंतर उकरून उपयोग नाही, सर."

ते मान झटकून केबिनमध्ये गेले. मी तो होकार धरला आणि ब्लॉक पाठवला.

मंगळवारी स्लाइड आली. तपकिरी पेशींचे झुबके. क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, म्हणजे अस्तराची जुनाट सूज. मी सुधारित रिपोर्टवर सही केली आणि सेंटरच्या डॉक्टरांना फोन लावला.

"परवा ट्रान्सफर आहे! अस्तर तयार आहे, औषधं चालू आहेत. आत्ता सांगताय?"

"हो, कारण आत्ता कळलं. पहिला रिपोर्ट माझाच होता. आधी अँटिबायोटिक द्या. गोठवलेलं भ्रूण थांबू शकतं."

"पेशंट ऐकणार नाही."

"विचारून तर बघा."

शीतलना मी स्वतःही बोलावून घेतलं. माझ्या नजरेतून सुटलं होतं, हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांचे डोळे भरले, राग दिसत होता. माफ करते असं काही म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, "गोळ्या संपल्यावर परत तपासणार ना? तुम्हीच बघणार?"

"मीच. दोन्ही स्टेन करून."

"मग थांबते."

दोन आठवडे गोळ्या झाल्या. पुन्हा बायॉप्सी केली. एकही तपकिरी पेशी सापडेना, तरी मी सगळी स्लाइड दोनदा फिरवली. पुढच्या महिन्यात ट्रान्सफर झालं. या वेळी भ्रूण रुजलं. मुलगी झाली, नवव्या महिन्यात, सिझेरियननं. शीतलनी मला फोन केला नाही. बातमी सेंटरच्या डॉक्टरांकडून कळली.

गोळ्यांमुळेच रुजलं का? मी शपथेवर सांगणार नाही. चौथं भ्रूण एरवीही रुजलं असतं कदाचित. एका केसनं काही सिद्ध होत नाही. एवढं मात्र खरं, की 'काही सापडलं नाही' आणि 'काही नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हल्ली मी रिपोर्टमध्ये त्यातलं पहिलं वाक्य लिहिते, आणि कुठल्या स्टेनमध्ये बघितलं तेही. रिपोर्ट एका ओळीनं लांबतो. लालवानी सरांची त्यालाही कुरकुर असते.