खिंडीच्या अलीकडे

माझा मोठा भाऊ हिमाचलातल्या एका खिंडीखाली, तंबूत वारला. त्याला आता वीसेक वर्षं झाली. त्यानंतर आमच्या घरात डोंगराचा विषय फारसा निघाला नाही. कोणी मुद्दाम टाळला असं नाही. निघालाच तर कोणीतरी पाणी आणायला उठायचं, एवढंच. त्यामुळे गेल्या वर्षी वहिनीचा फोन आला आणि "मला त्या जागेपर्यंत जाऊन यायचंय, तू येशील?" असं तिने विचारलं, तेव्हा ती कशाबद्दल बोलतेय हेच मला कळेना. मी कॉलेजच्या ग्रंथालयातलं काम आटोपून घोडबंदर रोडला बसमध्ये अडकलेले होते.

"कुठल्या जागेपर्यंत?"

"जिथे तो गेला."

वहिनी डोंबिवलीत एकटी राहते. शाळेत गणित शिकवायची, नुकतीच निवृत्त झालेली. मुलगी बंगलोरला नोकरीला. वहिनी आठवणी कुरवाळत बसणाऱ्यांतली नाही. भाऊ गेल्यावर वर्षाच्या आत तिने त्याची सॅक, बूट, दोर, सगळं डोंगरात जाणाऱ्या मुलांना देऊन टाकलं होतं. भिंतीवर फोटो एकच, तोही ऑफिसच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. म्हणून मी विचारलं, आत्ताच का?

"गुडघे अजून चालतायत," ती म्हणाली. "आणखी पाच वर्षांनी चालतील का, माहीत नाही."

मी हो म्हणाले. का म्हणाले, ते तेव्हा धड सांगता आलं नसतं. भावाला शेवटचं पाहिलं ते कल्याण स्टेशनवर, गाडीच्या दारात. परत आला तेव्हा चेहरा झाकलेला होता, आणि वडिलांनी मला बघू दिला नव्हता.

दर रविवारी मी डोंबिवलीला जाऊ लागले. जेवण झालं की वहिनी टेबल पुसायची आणि नकाशा पसरायची. वर्गात गणित मांडावं तसं तिने ते सगळं मांडलं. आज किती उंचीवर झोपायचं, उद्या किती चढायचं, कुठे नुसतंच थांबायचं. तरुण मुलं जो रस्ता भराभर कापतात त्यात तिने ठिकठिकाणी विश्रांतीचे दिवस घातले. तिकडच्या वाटाड्याशी ती फोनवर तिच्या शाळामास्तरी हिंदीत बोलायची, आणि तो बिचारा प्रत्येक वेळी कबूल व्हायचा.

तयारी आमच्या ठाण्याच्या बिल्डिंगमध्ये सुरू झाली. आमचा टॉवर उंच आहे, जिना कोणी वापरत नाही. आम्ही दोघी पाठीवर तांदळाच्या पिशव्या घेऊन चढायचो. मधल्या मजल्यांवरून लोक दार उघडून विचारायचे, लिफ्ट बंद आहे का. पाऊस उघडला की पहाटे येऊरच्या चढावर जायचो. वहिनी हळू चालायची, पण थांबायची नाही. मी झपाझप जाऊन बसायचे, मग ती येऊन पुढे निघून जायची.

डोंबिवलीतल्या डॉक्टरबाईंनी दोघींच्या तपासण्या करून घेतल्या. "हृदय ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण विरळ हवा कोणाला सोसेल ते इथे बसून सांगता येत नाही. अगदी धडधाकट माणूससुद्धा..." त्या मध्येच थांबल्या. भाऊ त्यांच्याच दवाखान्यात जायचा.

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

तिच्या मुलीला हे मुळीच पटलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "एक गेला तेवढं पुरे नाही का आई?" वहिनी रागावली नाही. म्हणाली, "तू पाचवीत होतीस. बाबा कुठे गेले, असं विचारायचीस, आणि मी वर बोट दाखवायचे. मला ती जागा माहीतच नव्हती गं." पुढच्या आठवड्यात मुलीने दोघींसाठी लोकरीचे मोजे पाठवले.

एक अडचण राहिली. तो शेवटचा तळ नेमका कुठे होता ते नकाशावर कळत नव्हतं. ते सांगू शकेल असा माणूस एकच होता, भावाचा कॉलेजपासूनचा मित्र, जो त्याच्याच तंबूत होता. तेराव्याला आला होता, त्यानंतर आमच्याकडे फिरकला नाही. ठाण्यातच, नौपाड्यात राहतो. एवढ्या वर्षांत माझी आणि त्याची कधी गाठ पडली नाही. खरं सांगायचं तर मीही ती पडू दिली नाही. याच्या शेजारी माझा भाऊ मेला आणि हा चालत घरी आला, हे माझ्या डोक्यातून जात नसे.

आम्ही गेलो तेव्हा नवरात्र जवळ आलं होतं. टेंभी नाक्यावर मांडवाचं काम चाललेलं, म्हणून रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवलं. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो आतून आला, केस पूर्ण पांढरे, एक पाय ओढत. त्याला बघून मी जपून ठेवलेला राग शोधू लागले, तर तो जागेवर नव्हता.

वहिनीने चहा यायच्या आत नकाशा उलगडला. "भाऊजी, तुमचा शेवटचा तळ कुठे होता ते दाखवा."

त्याने चष्मासुद्धा लावला नाही. बोट ठेवलं ते थेट तिथेच.

"दुपारपासून खोकत होता," तो आपणहून सांगू लागला. "आम्हाला वाटलं, सर्दी. संध्याकाळी पडल्या पडल्यासुद्धा दम लागायला लागला. मी म्हटलं, खाली जाऊया का. तो म्हणाला, उद्या तर खिंड आहे, सकाळपर्यंत बरं वाटेल."

"मग?"

"मग काही नाही, वहिनी. मी परत म्हटलं नाही. एकदाच विचारलं. त्याने नाही म्हटलं, आणि मला वाटलं, झालं. पहाटे हाक मारली तर..." त्याने बोट नकाशावरून उचललं.

त्याची बायको चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच उभी राहिली होती.

"त्याच्या फुफ्फुसात पाणी झालंय, हे तुम्हाला कळलं होतं का?" वहिनीने विचारलं.

"नाही. कोणालाच नाही."

"मग तुम्ही काय करणार होतात," ती म्हणाली, आणि नकाशाची घडी घातली. चहा आम्ही प्यायलो. पावसाबद्दल, त्याच्या पायाच्या ऑपरेशनबद्दल बोलणं झालं.

रिक्षात बसल्यावर वहिनी म्हणाली, "आपण दोघींनी एकमेकींना विचारायचं नाही. जिला दुसरीचं काही बिनसलेलं दिसेल तिने सांगायचं, खाली. दुसरीने उठायचं."

आईला सांगायचं बाकी होतं. ती कल्याणला, पारनाक्याजवळच्या जुन्या जागेत राहते. दिवसभर एक बाई असते सोबतीला. मी म्हटलं, सिमल्याला चाललोय असं सांगू. वहिनी नको म्हणाली. "तो त्यांना सांगून गेला होता. मी कशी लपवून जाऊ?"

आई वाती वळत बसली होती. वहिनी तिच्या समोर जमिनीवर बसली आणि सरळ म्हणाली, "आई, आम्ही दोघी तिकडे चाललोय. ते गेले तिथे."

आईचे हात थांबले नाहीत. "विचारायला आलीस का सांगायला?"

"सांगायला."

"मग सांग."

वहिनीने सगळा बेत सांगितला. गाडी कुठली, जीप कुठपर्यंत, कुठल्या गावी किती थांबायचं, हवेची सवय व्हायला आधी चढून परत खाली झोपायला का यायचं. आईला उंचीचे आकडे कळत होते की नाही कोणास ठाऊक, पण ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "आणि डोकं दुखलं तर?"

"तर खाली यायचं."

"त्यालाही मी हेच सांगितलं होतं, बरं नाही वाटलं तर परत फिर. हो म्हणाला होता."

आईने वाती डब्यात भरल्या, झाकण लावलं, आणि वहिनीच्या खांद्याला धरून उठली. "थांबवून थांबणार आहात का तुम्ही? जा. पण दोघी मिळून जा नि दोघी मिळून या."

दसरा झाल्यावर निघालो. चालणं जमत होतं. ओढे, देवदार, मग भूर्ज, मग नुसतं गवत. वहिनी अजूनही हळू चालायची आणि थांबायची नाही. वाटाड्याची माणसं पुढे जाऊन तंबू लावायची. भावाच्या तळाच्या आदल्या तळावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन होतं. समोर तो अख्खा उतार दिसत होता, वरच्या सपाटीपर्यंत. रुंद, गवताळ, मेंढ्यांच्या वाटांनी आखलेला. वाटाड्याने हात करून दाखवलं: ती जी कड आहे, तिच्या मागेच. वहिनी बराच वेळ बघत होती. "भाऊजींनी बोट ठेवलं तिथेच," एवढंच म्हणाली.

माझं डोकं तेव्हापासूनच दुखत होतं. मी सांगितलं नाही. गोळी घेतली, जेवण टाळलं. सकाळी उठले तर उलटी झाली, आणि बाहेर येऊन बुटाची नाडी बांधू लागले तर ती बांधताच येईना. दोन टोकं हातात होती आणि पुढे काय करायचं ते आठवत नव्हतं. उठून स्वयंपाकाच्या तंबूकडे निघाले तर पाय भलतीकडे पडू लागले.

वहिनी तिथे गरम पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होती. तिने पेला खाली ठेवला.

"खाली."

"अगं, गोळी घेतलीय मी. होईल कमी. आजचाच तर दिवस आहे."

ती आत जाऊन माझी स्लीपिंग बॅग गुंडाळू लागली.

वाटाड्या मध्ये पडला. एक माणूस या मॅडमना खाली नेईल, तुम्ही माझ्याबरोबर वर चला, संध्याकाळपर्यंत परत येऊ, असं म्हणाला. ते बरोबरही होतं. मीही म्हटलं, "जा ना तू. इतकं सगळं ज्याच्यासाठी केलं ते समोर आहे." आणि ती ऐकत नाही म्हटल्यावर मी ओरडले, तो माझा भाऊ होता, तू कोण मला परत नेणारी, असलं काहीतरी. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. ती खाली वाकून माझ्या बुटाच्या नाड्या बांधत होती.

"दोघी आलोय," ती वाटाड्याला म्हणाली. "दोघी जाणार."

उतरताना दोन्ही बाजूंनी मला धरलेलं होतं. ऊन डोळ्यांना लागत होतं. मध्ये आणखी एकदा उलटी झाली. मग झाडं लागली, आणि कुठल्यातरी वळणावर माझ्या लक्षात आलं, डोकं दुखायचं थांबलंय. कोणी डोक्यावरचा हात काढून घ्यावा तसं. खालच्या तळावर पोचून मी वरणभात मागितला आणि पोटभर जेवले.

वहिनी माझ्या समोर दगडावर बसून माझं जेवण बघत होती.

"आता बरंय?"

"बरंय. माझ्यामुळे तुझं राहिलं गं."

तिने मान हलवली. सूर्याकडे बघितलं. "दुपारच झालीय फक्त," ती म्हणाली. "सकाळी तुला नाडी बांधता येत नव्हती." आणि मग, माझ्या इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा, ती माझ्यासमोर रडली. तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता, पण खूप वेळ. मी ताट बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिला काय दिसलं होतं ते मलाही दिसलं होतं. त्यालाही खाली आणता आलं असतं; इतकंच अंतर होतं.

आम्ही परत वर गेलो नाही. वाटाड्याने एक दिवस थांबून पुन्हा प्रयत्न करू म्हटलं. वहिनी नको म्हणाली. कल्याणला गेलो तेव्हा आईने दोघींच्या चेहऱ्यांवरून हात फिरवला, उन्हाने सोललेल्या नाकांना तूप लावलं, आणि जागा बघितलीत का असं विचारलं. वहिनी म्हणाली, "लांबून." आईला तेवढं पुरलं असावं.

दिवाळीनंतर एका रविवारी वहिनीला भावाच्या मित्राचा फोन आला: येऊ का? जिना चढायला त्याला वेळ लागला. मी त्या दिवशी डोंबिवलीलाच होते, आत पोहे करत होते. त्याने वर न जाण्याबद्दल चौकशी केली, माझ्या तब्येतीबद्दल विचारलं. मग थोडं थांबून म्हणाला, "वहिनी, तो उतार कसा आहे हो? आम्ही त्याला घेऊन तिथूनच उतरलो, पण मला काही केल्या आठवत नाही. इतक्या वर्षांत हजारदा आठवून बघितलं."

मी गॅस बारीक केला.

"कठीण आहे," वहिनी म्हणाली. "सगळे सुटे दगड. आम्ही खालून बघितला ना. आजारी माणसाला घेऊन अंधारात उतरणं कोणालाच जमलं नसतं."

"नसतं जमलं?"

"नाही हो. दोघेही गेला असतात."

मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि वहिनी त्याच्यासाठी पंखा कमी करत होती. मला तो रुंद, गवताळ उतार आठवला; मी तिच्याकडे बघितलं. तिने बशी माझ्या हातातून घेऊन त्याच्यापुढे ठेवली, आणि लिंबू हवंय का, असं विचारलं.